उजव्या कडेचे बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. सदऱ्याचे नव्हे. सदऱ्याचे बटण तुटले तर कोणीतरी खाली वाकून ते शोधते तरी. मी फोनच्या उजव्या कडेचे बटण. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी माझी लांबी आणि पाठीला चिकटलेली पत्र्याची एक इवली टिकली. मला दाबले की टिकली आत वाकते आणि 'टक्' असा आवाज होतो. माझ्या सगळ्या आयुष्याची कमाई म्हणजे हा एवढा एक आवाज.

एवढ्याशा बटणाने आपले आयुष्य काय सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचे. पण माझ्याकडे एका माणसाची गोष्ट राहिली आहे आणि ती जिला सांगायला हवी तिला सांगायची नाही असे ठरले आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आम्ही हजारो भावंडे एकाच साच्यातून निघालो. तिथे आमची परीक्षा घ्यायला एक पोलादी बोट होते. ते आम्हाला दिवसभर दाबत असे. पन्नास हजार वेळा दाबून जो टिकला तो पास. मी पास झालो आणि काही दिवस माझ्या अंगात जरा शिष्टपणाही आला. पुढे मला कळले की ते पोलादी बोट कधी ओले नसायचे, कधी भेगाळलेले नसायचे आणि कधी घाबरलेले नसायचे. खरी परीक्षा कारखान्याबाहेर होती.

एका फोनच्या कडेला बसून मी कासेसे शहराच्या बाजारात आलो आणि तिथून थेम्बोच्या खिशातून कात्वेला, मिठाच्या तळ्याकाठच्या गावाला. थेम्बो मिठाच्या तळ्यात काम करायचा. छातीभर खाऱ्या पाण्यात उभे राहायचे, तळाला धरलेली मिठाची लादी पहारेने फोडायची, तुकडे उचलून तराफ्यावर रचायचे आणि तराफा भरला की ढकलत काठाला आणायचा. त्याची बायको काबुघो काठावरच्या वाफ्यांत मीठ पिकवायची. तिचा अंगठा मोठा जाणता होता. डोळे मिटून चिमूटभर मीठ अंगठ्याखाली चोळले की ते ताटातले की गुरांच्या चाटणातले हे ती सांगायची आणि तिचे कधी चुकत नसे.

थेम्बोच्या हातांबद्दल मात्र काय सांगू? मिठाने त्याच्या बोटांवर एकही रेष शिल्लक ठेवली नव्हती. उजव्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले आणि जरा तिरके वाढलेले. एकदा सिमकार्ड विकणाऱ्याने ठसा घ्यायला त्याचा अंगठा यंत्रावर टेकवला. यंत्र काही केल्या मानेना.

"थेम्बो, तुला अंगठाच नाही म्हणतंय रे हे," सिमकार्डवाला वैतागून म्हणाला.

"मग मघापासून तू धरून बसलायस ते काय माझं नाक आहे?" थेम्बो म्हणाला.

सगळे हसले. मीही खिशातल्या खिशात हसलो. मला त्याच्या रेषांशी काय करायचे होते? अंगठा ओला असो, कोरडा असो, मिठाने कडक झालेला असो, मला फक्त भार कळायचा. भार आला की मी 'टक्' करायचो. कोण आहेस, कुठला आहेस, हे मी कधी कोणाला विचारले नाही.

त्यांची मुलगी बीरा कंपालाला कामाला जायला निघाली तेव्हा तिने जाण्याआधी फोनमध्ये एक सोय करून ठेवली.

"बाबा, हे कडेचं बटण पाच वेळा भराभर दाबायचं. बघायची गरज नाही. थेट आईचा फोन वाजेल."

"आणि थांबवायचा कसा?"

"सहाव्यांदा दाबा. बंद."

या पाच आणि एकातून त्या दोघांनी स्वतःची एक भाषाच तयार केली. तळ्यात बोलायला सवड कुणाला असते? तराफा भरला की थेम्बो मला पाच वेळा दाबायचा. काठावर वाफ्याशेजारच्या खुंटाला काबुघोचा लहानसा फोन टांगलेला असे, तो वाजू लागायचा. दोनदा वाजला की थेम्बो मला सहाव्यांदा दाबायचा आणि फोन गप्प व्हायचा. म्हणजे तराफा येतोय, टोपल्या घेऊन काठाला ये. आणि फोन दोनदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला, तर पळत सुटायचे. हे दुसरे त्यांनी ठरवून ठेवले होते इतकेच. त्याची वेळ येऊ नये असेच दोघांना वाटायचे.

शेजारच्या वाफ्यातल्या बायकांना यात मोठी गंमत वाटायची.

"काबुघो, नवरा वाजला गं तुझा."

"वाजू दे. इथं दोनदा वाजून गप्प तरी बसतो. घरी कुठं बसतो?"

खारे पाणी लागू नये म्हणून फोनला प्लास्टिकची पिशवी असे. ती मासेरेका शिवायचा. शिवायचा म्हणजे, फोनच्या मापाचे जाड प्लास्टिक कापून मेणबत्तीच्या धगीवर कडा चिकटवायचा. मासेरेका कात्वेचा फोन दुरुस्त करणारा. चौकात छत्रीखाली त्याचे टेबल. आखूड दोरीने ती पिशवी थेम्बोच्या हनुवटीखाली बांधलेली असे. पिशवीतून, ओल्या हाताने, मान न वळवता तो मला शोधायचा आणि मी त्याला नेहमी सापडायचो.

ती नको असलेली वेळ एकदा आली. तळाची लादी फोडताना कधीकधी खालून कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा वायू वर येतो आणि माणसाला भोवळ येते. थेम्बोचे पाय गेले. ओरडायला श्वास नव्हता. त्याने एका हाताने तराफ्याची दोरी धरली आणि दुसऱ्याने मला दाबले. पाच वेळा. मग त्याचा हात गळून पडला. काठावरचा फोन दोनदा वाजला, तीनदा वाजला, चारदा वाजला. काबुघोने टोपली फेकली आणि अशी बोंब ठोकली की तळ्यातले रोहित पक्षी उडाले. दोन तराफेवाले धावले. थेम्बो वाचला.

त्या दिवसापासून माझी वट वाढली. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर काबुघो मला ओल्या फडक्याने पुसायची आणि काडीच्या टोकाने फटीतले मीठ काढायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायची. "हे बटण नाही, हे माझ्या माणसाचं दुसरं तोंड आहे," म्हणायची. बटणाच्या जातीला असे सुख कुठून मिळणार? सहा वर्षे मी त्या अंगठ्याखाली काढली. माझा रंग उडाला, कडा झिजल्या, पण 'टक्' कधी चुकलो नाही.

थकला तो फोन. त्याची बॅटरी फुगली, काच तडकली. आमच्याकडचा पावसाळा वर्षाच्या शेवटी येतो आणि त्यात मिठाचे काम बंद असते, तेव्हा तो नुसताच कोनाड्यात पडून असायचा. नाताळात बीरा आली ती वडिलांसाठी नवा फोन घेऊन. तिने तो ताटात ठेवून, वर फडके झाकून, जेवताना पुढे केला. ओबुंडूचे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे, गोळे आणि मासळी बाजूला राहिली आणि सगळे फोनकडे बघत बसले. गुळगुळीत. सगळीकडून सारखा. कुठे उंचवटा नाही, कुठे फट नाही.

"याला बटणच नाही?" थेम्बोने विचारले.

"नाही. डाव्या कडेला नुसतं बोट टेकवायचं. आतून धक्का देतो तो, बटण दाबल्यासारखा. बघा."

थेम्बोने बोट टेकवले. फोनने बारीक धक्का दिला. थेम्बोने बोट काढून त्याकडे पाहिले.

"खोटं बोलतंय हे. काही हललं नाही आणि म्हणतंय हललं."

"बाबा, हलायला काही नाही म्हणून तर मीठ जायला वाट नाही. तुमच्या त्या जुन्याची अर्धी कड मिठाने खाल्लीये. मी दुकानात तीनदा विचारून घेतलं, मीठ जाणार नाही ना म्हणून."

हे मी कोनाड्यातून ऐकले. तिच्यावर मला राग येऊ शकला नाही, आजही येत नाही. तिने खरेच वडिलांचाच विचार केला होता. तिने नव्या फोनमध्येही तीच सोय केली: डाव्या कडेवर पाच वेळा बोट टेकवा, आईचा फोन वाजेल. थेम्बोने अंगणात बसून दहा वेळा करून पाहिले. दहाही वेळा काबुघोचा फोन वाजला. ती आतून ओरडली, "पुरे झालं, आता जेवू तरी द्या मला."

चूक इथे झाली मित्रांनो, आणि ती आम्हा कात्वेकरांशिवाय कोणाकडून झाली नसती. पावसाळ्यात दोन महिने मिठाला हात लागत नाही. भेगा भरतात, कातडी मऊ होते, नाताळात तर लोक हातांना तेलही चोळतात. त्या दिवसांत आमच्या माणसांचे हात चारचौघांसारखे होतात. नव्या फोनने थेम्बोचे ते सुट्टीतले हात पाहिले. त्याचे खरे हात त्याला कोणी दाखवलेच नाहीत.

बीरा कंपालाला परत गेली. तळ्याचे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी थेम्बो दोन्ही फोन घेऊन मासेरेकाकडे आला.

"याला पिशवी कर. आणि हा जुना ठेव, सुटे भाग कामाला येतील तुझ्या."

"लेकीनं आणलाय म्हणे कंपालाहून," मासेरेका नवा फोन उलटासुलटा करत म्हणाला. "याला साधी पिशवी शोभायची नाही. दुहेरी करतो. थेंब जाणार नाही."

"कर बाबा. लेकीला तोंड दाखवायचंय मला."

मासेरेकाने मनापासून काम केले. दुहेरी जाड प्लास्टिक, घट्ट बेतलेले, कडा दोनदा चिकटवलेल्या. थेम्बोने पिशवी गळ्यात घालून पाहिली. मग जाताजाता त्याने टेबलावरून मला उचलले, म्हणजे जुन्या फोनला, आणि अंगठ्याने मला एकदाच दाबले. मी 'टक्' केले.

"याचा आवाज बरा होता," तो म्हणाला आणि फोन खाली ठेवून निघून गेला.

मला रडता येत नाही. येत असते तर तेव्हा रडलो असतो. मासेरेकाने मला टिकलीसकट सोडवून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकले. फोनचा सांगाडा खिळ्याला अडकवला. डब्यात स्क्रू होते, तुटक्या काचा होत्या, माझ्यासारखी आणखी काही बटणे होती. सगळी पालथी पडून होती. आपण कोणाच्या हाताखाली होतो हे कोणी बोलत नव्हते. मला वाटले, माझी गोष्ट इथे संपली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी चौकातून लोक पळताना ऐकू आले. कोणीतरी छत्रीशी थांबून मासेरेकाला म्हणाले, "थेम्बो गेला. तराफ्याच्या दोरीत हात अडकलेला सापडला. पुन्हा तोच वायू." मासेरेकाच्या हातातला पेचकस खाली पडला. त्या दिवशी त्याने टेबल आवरले आणि तीन दिवस उघडले नाही.

महिनाभराने काबुघो आली. कमरेच्या कापडाच्या गाठीतून तिने नवा फोन काढून टेबलावर ठेवला. अजून त्याच पिशवीत होता. तिने ती उघडली नव्हती. चार्ज संपून गेला होता.

"मासेरेका, मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता का, एवढं बघून सांग."

मासेरेका खाली मान घालून फोन बाहेर काढू लागला. ती बोलतच राहिली. एवढे दिवस कोणाला सांगितले नसावे.

"सकाळी निघताना मी म्हटलं, नवा फोन मिरवत बसू नका, तराफा भरला की वाजवा. तर म्हणाले, आज नाही वाजवणार जा. बघू तुला माझी आठवण येते का. हसत गेले. दुपार झाली, फोन वाजेना. मला वाटलं, चेष्टा चाललीय. मीही हट्टाला पेटले. म्हटलं बघू कोण आधी हरतं. बसून राहिले मी. टोपल्यांवर बसून राहिले रे. बायका म्हणाल्या जाऊन बघ, तर मी म्हटलं, येतील झक मारत."

मासेरेकाने फोन तारेला लावला. थोड्या वेळाने काच उजळली. त्याने बोटाने वरखाली करून पाहिले, दोनदा पाहिले.

"नाही, मावशी. त्या दिवशी कुणालाच फोन गेलेला नाही."

काबुघोने मान हलवली. ती रडली नाही. "म्हणजे खरंच नाही वाजवला," ती म्हणाली. "म्हणजे शेवटपर्यंत चेष्टाच. मी त्यांना आठवलेच नाही." मग ती रिकामी पिशवी घडी घालायला घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवू लागली. वस्तू हातात आली की चाचपायची तिची सवयच होती. मध्येच तिचा अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला.

"हे काय आहे इथं?"

मासेरेकाने पिशवी उन्हात धरली. डाव्या कडेला बोट घासल्याचे पुष्कळ ओरखडे होते. फोनची स्पर्शाची जागा तिथेच होती. आणि उजव्या कडेला, वरून बोटभर खाली, चंद्रकोरीसारख्या नखाच्या खुणा होत्या. खोल रुतलेल्या, एकावर एक.

मासेरेकाने पाण्याच्या भांड्यात मूठभर मीठ टाकले. बोट बुडवले, फोन पुन्हा पिशवीत सरकवला आणि ओल्या बोटाने डावी कड दाबली. पाच वेळा. मग पुन्हा पाच वेळा. फोनने धक्का दिला नाही. त्याने बोट कोरडे करून, पिशवी काढून पाहिले. फोन लगेच थरथरला. मासेरेकाचा चेहरा उतरला.

"मी दुहेरी केली, मावशी. मीच दुहेरी केली."

"आणि ह्या उजवीकडच्या?" ती म्हणाली. "उजवीकडं काय आहे याला?"

"काहीच नाही. उजवीकडं काहीच नाही." मग तो उठला. खिळ्यावरचा जुन्या फोनचा सांगाडा काढला, चहाचा डबा टेबलावर पालथा केला आणि सगळ्या पसाऱ्यातून मला उचलून माझ्या जुन्या जागी बसवले. पिशवी सांगाड्यावर ठेवली. नखाच्या खुणा बरोबर माझ्यावर आल्या.

मित्रांनो, मी ते नख ओळखले. मधोमध दुभंगलेले, जरा तिरके. सहा वर्षे ओळखत होतो. डावीकडे शिकवले तसे त्याने बोट टेकवले होते आणि तिथून काही उत्तर आले नव्हते. मग भोवळीत, शेवटच्या श्वासाला, त्याचा अंगठा आपल्या सवयीने मला शोधत उजवीकडे आला होता. मी तिथे नव्हतो. मी इथे डब्यात स्क्रूंमध्ये पालथा पडलो होतो आणि माझी गोष्ट संपली म्हणून स्वतःचीच कीव करत होतो.

काबुघोने खुणा मोजायला सुरुवात केली. नखाने एकेक चाचपत, ओठ हलवत. पाच मोजल्या. पुढे पुन्हा पाच. त्यानंतर त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

"वाजवला होता," ती म्हणाली. आणि तेव्हा ती रडली. टेबलावर डोके टेकून, किती तरी वेळ. मासेरेकाही रडला. चौकातले गिऱ्हाईक आले आणि परत गेले.

उठताना ती म्हणाली, "बीराला यातलं काही कळता कामा नये. रोज विचारते, फोन नीट चालत होता ना म्हणून. मी सांगणार, चालत होता. तिनं मायेनं आणला होता."

"आणि माझं काय, मावशी?"

"तूही पिशवी मायेनंच केलीस." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला बोटाने दाखवून म्हणाली, "हे मला दे."

नव्या फोनलाही मी दोष देत नाही. तो हुशार आहे, दिसायला माझ्यापेक्षा चांगला आहे आणि त्याने जाणूनबुजून कोणाचे वाईट केले नाही. त्याला घडवणाऱ्यांनी खाऱ्या पाण्यात छातीभर उभा असलेला माणूस कधी पाहिला नसेल. जुने जाणारच, नवे येणारच. मी काही कायमचा टिकणारा नव्हतो. पण माझी तुम्हाला एक विनंती आहे. घरातल्या माणसाला नवी वस्तू द्याल तेव्हा त्याचे हात एकदा आपल्या हातात घेऊन पाहा. सुट्टीतले नव्हे, कामावरचे. ती वस्तू त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या ओल्या, भेगाळलेल्या, घाईतल्या हातांनी चालवून पाहा. आणि ती तिथे चालते अशी खात्री पटेपर्यंत जुनी वस्तू त्याच्या गळ्यातून काढू नका. माझे एवढे ऐका.

मी आता काबुघोच्या कमरेच्या गाठीत असतो. दुपारी तराफे काठाला लागायची वेळ झाली की ती वाफ्यातून वर येते, त्या रिकाम्या खुंटाशी उभी राहते आणि कापडावरूनच मला चाचपते. माझ्या पाठीमागे आता फोन नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ती मला दाबते आणि मी 'टक्' करतो. पाच वेळा. सहाव्यांदा ती कधीच दाबत नाही.